शिट्टी थांबली तो मंगळवार

"पौर्णिमाताई, मीटिंगमंदी शिटी वाजली का लगेच आवाज बंद नोका करत जाऊ. पह्यले इचारा, दुसरा फोन कुठी आहे. एकट्या फोनची अशी शिटी वाजत नसते."

वाहेदभाईंनी हे मला दिवाळीनंतर लगेचच सांगितलं होतं. तेव्हा मी काय करत होते तेही मला आठवतं. फोन मान वाकडी करून खांद्यावर धरलेला, मांडीवर अकरा महिन्यांची लेक, हातात वाटी-चमचा, आणि तोंडानं नुसतं "हो भाई, हो भाई" चाललेलं. मला एवढंच हवं होतं की तो आवाज थांबावा. तो वाजला की माझी पोरगी दचकून रडायची आणि मग तासभर मांडीवरून उतरायची नाही. आवाज कुठून येतो याच्याशी मला काय करायचं होतं?

वाहेदभाई अकोल्याचे. लग्नाकार्यात, सभांमध्ये माइक आणि स्पीकर लावण्यात त्यांची वीस वर्षं गेली. आमच्या लग्नातही साउंड त्यांचाच होता. कोरोनात लग्नं बंद पडली, स्पीकरचे डब्बे घरात रचून ठेवावे लागले, तेव्हापासून ते आमच्यासारख्यांना ऑनलाइन मीटिंगचा आवाज नीट करून द्यायला लागले. मी अमरावतीत, ते अकोल्यात, सगळं फोनवरच.

"माइकनं आवाज घेतला, डब्ब्यानं बाहेर फेकला, माइकनं थोच पुना घेतला," ते समजावून सांगायचे. "आवाज फुगत जाते, फुगत जाते, आन् मंग बोंबलते. एकच फोन असला तर थो आपलाच आवाज ओळखून गाळून टाकते. पण बाजूले दुसरा फोन त्याच मीटिंगमंदी चालू असन, तर गाळनार कोन?"

माझं काम असं. आमची संस्था लहान आहे. धामणगाव रेल्वे ते मोझरी या पट्ट्यातल्या सव्वीस बाया आमच्याकडे आहेत. सगळ्या एकट्यानं शेती करणाऱ्या. त्यांचे नवरे या वाईट वर्षांनी नेले. कसे गेले, ते आम्ही मीटिंगमध्ये विचारत नाही. नवऱ्याच्या नावची जमीन बाईच्या नावावर चढवणं, त्यासाठी कागद जमवणं, तलाठ्याकडे अर्ज देणं, यात आम्ही सोबत करतो. पूर्वी बाया महिन्यातून एकदा अमरावतीला यायच्या. त्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला आणि येणं बंद पडलं. म्हणून दर मंगळवारी दुपारी दीड वाजता ऑनलाइन मीटिंग. कापूस वेचणीच्या बाया तेव्हा जेवायला बसतात, तेवढाच वेळ.

मीटिंगची एक रीत मीच लावली होती. हजेरी घेताना प्रत्येकीनं दोन गोष्टी सांगायच्या: कागद कुठं ठेवले आहेत आणि या आठवड्यात कुठल्या दिवशी कुठल्या ऑफिसला जाणार. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. बोललं की माणूस करतो, असं मला वाटायचं. कागद हरवायचेही थांबले होते. मला त्या रीतीचा अभिमान होता.

आणखी एक सांगते, कारण पुढे ते लागेल. पडद्यावर यादीत बायांची नावं फार कमी असायची. बहुतेकींकडे नवऱ्याचाच जुना फोन. त्यामुळे यादी उघडली की पुंजाराम, केशवराव, नत्थुजी, श्याम अशी नावं दिसायची. सगळी गेलेल्या माणसांची. सुरुवातीला मला कसंसंच व्हायचं. मग सवय झाली, आणि मी नावं वाचणंच सोडलं. चेहरे पाहून हजेरी लावायची, शेवटी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा.

शिट्टी वाजायची ती सत्यभामा बोलायला लागली की.

सत्यभामा सत्तावीस वर्षांची, एक पाच वर्षांची मुलगी. तीन एकर वावर, नवऱ्याच्या नावावर. ते नावावर करून घ्यायची तिची धडपड चालली होती, आणि भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, देवरावला, ते नको होतं. त्यानं हक्कसोडीचा कागद तयार ठेवला होता, नुसती सही बाकी. ती देत नव्हती. तिच्या माहेरच्या भावानं तिला नवा फोन घेऊन दिला होता, म्हणून यादीत ती स्वतःच्या नावानं दिसणाऱ्या दोघीतिघींपैकी एक.

ती "पाह्य ना ताई" म्हणून सुरू करायची आणि दोन वाक्यांत मागून घुमल्यासारखा आवाज उठायचा. तिचेच शब्द परत, मग परत, मग बारीक होत होत कानात सुई खुपसल्यासारखी शिट्टी. मी घाईघाईनं तिचा आवाज बंद करायची.

एकदा मात्र मी विचारलं होतं. "सत्यभामा, दुसरा फोन आहे का गं जवळ?"

"नाही वो ताई. मी एकलीच आहो खोलीत. सासूबाई वावरात गेल्या."

मी म्हटलं, नेटवर्क खराब असेल. विचारल्याचं समाधान झालं मला.

तिसऱ्या मंगळवारी माझी लेक शिट्टीनं इतकी रडली की निळी पडली. मीटिंग संपल्यावर मी तिला थोपटत एका हातानं बायांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. एका खोलीत दोन फोन मीटिंगमध्ये ठेवू नका. ठेवायचेच असतील तर एकाचा आवाज पूर्ण खाली करा, माइक बंद करून भागत नाही. नाहीतर इअरफोन लावा, म्हणजे शिट्टी होणार नाही. खाली हेही टाकलं की मीटिंगचं रेकॉर्डिंग होतं, म्हणून आवाज स्वच्छ पाहिजे.

पुढच्या मंगळवारी शिट्टी आली नाही.

सत्यभामा पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलली. मृत्यूचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड, सगळं गोळा झालं होतं. "कागद कुठं ठेवले?" मी रीतीप्रमाणे विचारलं. ती हसली. "भाव पडला म्हनून सोयाबीनचे कट्टे घरातच पडले ना ताई. कोपऱ्यातल्या कट्ट्यात खाली घातले आन् कट्टा पुना शिवून टाकला. उंदरालेबी नाही सापडनार." पोत्यांच्या त्या ढिगात कोण शोधणार, म्हणून बाया हसल्या. शुक्रवारी नऊच्या काळीपिवळी जीपनं ती धामणगावला जाणार होती. तिचा भाऊ फाट्यावर उभा राहणार होता.

संध्याकाळी मी खुशीत वाहेदभाईंना फोन लावला. "भाई, शिट्टी गेली तुमची!"

"अरे वा. कुठी सापडला मंग दुसरा फोन?"

"सापडला नाही. पण गेली ना! मी सगळं ग्रुपवर लिहून टाकलं. आवाज खाली करा, इअरफोन लावा."

त्यांच्या मागं त्यांची बायको, गजालाभाभी, भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

"कोनाले लिहून देल्लं ताई?"

"बायांनाच. बायांचा ग्रुप आहे."

"बायांचे फोन बायांच्याच हातात असतेत का?" मग ते हळूच म्हणाले, "फोन नसन गेला, ताई. त्यानं कानात घातलं."

लेक जमिनीवर डब्याचं झाकण आपटत होती. ते झाकण मी तिच्या हातातून काढून घेतलं. का, माहीत नाही. मला शांतता हवी होती, आणि शांतता झाल्यावर जास्तच भीती वाटली.

मी त्या दिवसाच्या पडद्याचा फोटो उघडला. माझं नाव सोडून, बोट ठेवून नावं मोजली. सत्तावीस. पुन्हा मोजली. बाया सव्वीस. मग वही काढली आणि एकेका नावापुढं एकेक बाई लावत गेले. पुंजाराम, ही अमकी. केशवराव, ही तमकी. शेवटी एक नाव उरलं. श्याम.

श्यामची बायको कोण, ते पाहायला मला वही लागली नाही. सत्यभामाचा अर्ज मीच भरला होता. *मयत खातेदार: श्याम.*

मागचे फोटो काढले. चारही मंगळवारी श्याम होता. चेहरा नाही, माइक बंद, नुसतं नाव. बायांच्या ग्रुपवरही त्याचा जुना नंबर तसाच होता, मी तो कधी काढलाच नव्हता. इतक्या गेलेल्या माणसांमध्ये तोही एक, म्हणून मी कधी थांबलेच नव्हते.

सत्यभामाला फोन करायला मी तीनदा नंबर काढला आणि ठेवला. कोण उचलेल? तिनं उचलला तर भिंतीपलीकडं कोण असेल? शेवटी पार्बताबाईंना लावला. त्या तिच्याच गल्लीत समोर राहतात, साठीच्या, आमच्याच ग्रुपमधल्या.

"काकू, फोन कानाला लावा. स्पीकर बंद करा."

"काहून वो? कोनासंगं पळून गिळून जाऊन राहिली का?"

"काकू, हसू नका. देवरावकडे श्यामचा जुना फोन आहे का?"

त्यांचं हसणं थांबलं. "आहे ना. मंगळवारी दुपारच्याला गोठ्यात जाऊन बसते थो. आता या खेपेले कानात वायर होती. मी म्हनलं, गाने आयकत असन."

"गोठा कुठं आहे?"

"तिच्या खोलीले लागूनच. मधात कुडाची भिंत आहे, तीबी अर्धी. वरून सारं मोकळं."

म्हणजे ती खरं बोलत होती. खोलीत ती एकटीच होती.

मी पार्बताबाईंना सगळं सांगितलं. सकाळी सत्यभामा पाण्याला निघेल तेव्हा तिला गाठायचं, घरात बोलायचं नाही, कागद काढून आपल्याकडे ठेवायचे. बुधवारी दहा वाजता त्यांचा फोन आला. आवाज खाली, जणू त्याच कुडाच्या भिंतीला टेकून बोलत होत्या.

"कट्टा पाह्यला तिनं. तिनं काळ्या दोऱ्यानं शिवला होता. आता सुतळीचे टाके आहेत."

"आणि कागद?"

"काय इचारतं बाई. शिटीचं तू सांगतलं तसं सांगतलं मी तिले. दोन फोन, मधात भिंत, कानात वायर. त्या सुतळीकडंच पाहात बसली."

कागदांचे फोटो माझ्याकडे होते, नक्कल पुन्हा निघाली असती. ते मी पार्बताबाईंकडून कळवलं. शुक्रवारी ये, नुसती ये, एवढाच निरोप दिला.

शुक्रवारी ती आली नाही. साडेदहाला तिच्या भावाचा फाट्यावरून फोन आला. अकराला पार्बताबाई जाऊन आल्या. सासू दारात आडवी उभी. "तिले ताप आहे, झोपली." आतल्या खोलीला बाहेरून कडी लागलेली. पोरगी अंगणात एकटीच खेळत होती, आणि तिनं पार्बताबाईंकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी आमच्या संस्थेच्या प्रमुखांना सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, "पौर्णिमा, लेकरू झाल्यापासून तू लय भेते. ताप येत नाही का मानसाले? घरातल्या भांडनात पोलीस घातले तर उद्या एकही घर आपल्याले दारात उभं नाही करनार. मंगळवारपर्यंत थांब."

मी थांबले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त त्याची लाज वाटते. नवरा नोकरीसाठी अकोल्यात असतो, तो शनिवारी घरी आला. तो पोरीला खेळवत होता आणि मी घरातल्या प्रत्येक फोनकडं पाहत होते, कोणता चालू आहे, कोणता बंद. रविवारी मी लॅपटॉपवर फडकं टाकलं. सत्यभामाचा फोन लागतच नव्हता.

मंगळवारी दीड वाजता पहिल्यांदा मी नावं वाचली. एकेक जण आत येत होतं. एक पस्तीसला *सत्यभामा.* तिच्यामागोमाग, दहा सेकंदांनी, *श्याम.*

तिचा चेहरा दिसत होता. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. ती "पाह्य ना ताई" म्हणाली नाही.

"मले वावर नाही पाह्यजे. मी राजीखुशीनं सही करून राहिली. माया अर्ज मांगं घ्या. हे मी सर्व्यासमोर सांगून राहिली. रेकॉर्ड करा."

रेकॉर्ड करा. ते मीच ग्रुपवर लिहिलं होतं. सव्वीस साक्षीदार आणि एक रेकॉर्डिंग त्याला मीच हातात दिलं होतं. तिचे डोळे फोनकडं नव्हते, थोडे डावीकडे, कोणाच्या तरी गुडघ्याच्या उंचीवर. ती अडखळली की कोणीतरी न बोलता तिला पुढचं वाक्य दाखवत असावं, अशी तिची मान हलायची.

"पोरीले मी भासऱ्यापाशीच ठेवनार..."

आणि मग तिचा खांदा किंचित हलला, वाकून काही उचलावं तसा.

आवाज उठला. आधी घुमणं. "ठेवनार... ठेवनार..." मग तिचाच शब्द तिच्यावर चढत गेला आणि शिट्टी सुरू झाली. इतकी जोरात कधीच वाजली नव्हती. बायांनी कानांवर हात ठेवले. माझी लेक मांडीवर किंचाळली. आणि माझं बोट सवयीनं तिचा आवाज बंद करायच्या बटणावर जाऊन पोचलं होतं.

मी ते दाबलं नाही.

शिट्टी वाजू दिली. लेकीचं डोकं छातीशी दाबून धरलं आणि मी ओरडून विचारलं, "सत्यभामा! दुसरा फोन कुठं आहे?"

शिट्टीच्या आतून तिचा आवाज आला. "इथीच आहे ताई! माया जवळच आहे! त्याच्या हातात आहे!"

पडदा हलला, छपराची टिनं दिसली, आणि दोन्ही नावं एकदम यादीतून गेली. सत्यभामा आणि श्याम.

मग एकीनं विचारलं, "पार्बताकाकू कुठी गेल्या?" त्यांच्या चौकोनात नुसतं छप्पर होतं. फोन खाटेवर टाकून त्या निघून गेल्या होत्या, पण फोन चालू होता. त्या चालू फोनमधून आम्ही पंचवीस जणी त्या गल्लीचा आवाज ऐकत बसलो. चपला. कुत्रं. मग दारावर थापा. पार्बताबाईंचा आवाज, "देवराव, दार उघड! देवराव!" पुन्हा थापा. मग बराच वेळ काही नाही. मी दुसऱ्या फोनवरून त्या गावच्या पोलीस पाटलांना लावत होते, आणि माझं बोलणं मीटिंगमध्ये जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन दार लावून बोलत होते. नंबर चौथ्यांदा लागला. एवढ्या वेळात काय काय होऊ शकतं, ते मी मोजत होते.

बाहेर आले तेव्हा खाटेवरच्या फोनमधून बऱ्याच बायांचा कालवा येत होता. वेचणीच्या बाया जेवण सोडून आल्या होत्या, दार उघडलं होतं. त्यात एक लहान पोर रडत होतं. पोर रडतंय ऐकून मला बरं वाटेल, असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सत्यभामा आता मुलीला घेऊन मोझरीजवळ भावाकडे आहे. ओठ शिवावा लागला, दोन टाके. कागद पुन्हा काढले, अर्ज पुन्हा दिला, आणि त्या अर्जाची नोटीस रीतीप्रमाणे देवरावलाही गेली आहे. म्हणजे ती कुठून बोलते आहे, कोणासोबत आहे, याची भीती संपलेली नाही. वावर अजून तिच्या नावावर नाही.

मी तिला एकदा विचारलं, नेमकं काय केलं होतंस त्या वेळी.

"काही नाही ताई. त्याचं ध्यान माया तोंडाकडं होतं, बरोबर बोलते का नाही म्हनून. त्याच्या कानाची वायर माया हाताजवळ होती. वढली. पार्बताकाकूनं सांगतलं होतं ना, वायर निघाली का शिटी वाजन."

वाहेदभाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वीस वर्सं झाली ताई, मी शिटी बंद करतच आलो. कोनी मुद्दाम वाजवन, असं नव्हतं वाटलं."

आम्ही ती रीत बंद केली आहे. आता कागद कुठं आहेत हे कोणी मोठ्यानं सांगत नाही. यादीतली नावं मी दर मंगळवारी वाचते, एकेक, बोट ठेवून. तरी गेल्या मंगळवारी एक गोष्ट झाली आणि म्हणूनच हे लिहायला बसले. एक बाई आहे, तिच्या बोलण्यात महिनाभर मागून घुमायचं. त्या दिवशी आपोआप थांबलं. बाकीच्यांना बरं वाटलं. मी लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवून, दोन काळीपिवळ्या बदलून तिच्या गावी जाऊन आले. ती अंगणात कापूस निवडत होती, ठीक होती, आणि मला पाहून चक्रावली. मला वेड्यात काढलं तरी चालेल.

तुमच्याही मीटिंगा होत असतील. बचत गटाच्या, शाळेच्या, नात्यागोत्याच्या. त्यात एखादीच्या बोलण्यात सारखी शिट्टी यायची आणि एक दिवस ती थांबली असेल, तर आठवून बघा ती कोण. तिला फोन करू नका. तिच्या घरी जा, दारात उभं राहा, तिचा चेहरा पाहा, आणि ती बाहेर येईपर्यंत हलू नका. जमलं तर आजच जा.